दुसऱ्या संगमाची कसोटी

बंगळूरच्या चामराजपेठेत श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून भरत आला आहे. कर्नाटक संगीताची अभिरुची तेथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. त्याच नगराचा दुसरा भाग छावणीचा. १८०९ मध्ये वसलेल्या त्या छावणीत लष्करी बँडचे आणि चर्चमधील समूहगानाचे स्वर रुळले. १९४९ साली पेठ व छावणी एका नगरशासनाखाली आल्या. तथापि दोन्ही श्रवणसंस्कार आपापल्या परी टिकून राहिले. दोन संगीतांचा मिलाफ साधणाऱ्या कलावंताला अशा नगरीत दोन प्रकारच्या रसिकांपुढे उभे राहावे लागते.

१९९६ साली हरिहरन आणि लेझली लुईस या मुंबईकर जोडीने ‘कलोनियल कझिन्स’ हा गीतसंग्रह काढला. एकाच्या गळ्यात घरचे कर्नाटक संगीत, गुलाम मुस्तफा खाँसाहेबांची तालीम आणि गझल. दुसऱ्याच्या हाती गिटार व जाहिरातगीतांचा अनुभव. त्यांतील ‘कृष्णा’ या गीताचा आधार होता व्यासरायांचे प्रसिद्ध कन्नड पद. व्यासराय हे विजयनगरच्या काळातील माध्व यती, पुरंदरदासांचे गुरू. आईने बाळकृष्णाला बोलवावे तसे ते पद. त्याला जोडून इंग्रजी कडव्यांत, भावाभावांतील वैर मिटविण्यासाठी ईश्वराने कोणत्याही धर्माच्या नावाने यावे अशी विनवणी होती. १९९२-९३ च्या दंगलींच्या जखमा मुंबईत तेव्हा ओल्याच होत्या. त्यामुळे हा मिलाफ केवळ चमत्कृती उरला नाही. जुन्या हाकेला नवे कारण मिळाले.

१९९८ मध्ये त्यांचा दुसरा संग्रह ‘द वे वी डू इट’ आला. त्याचे स्वागत मात्र संमिश्र झाले आणि पहिल्याची लोकप्रियता त्याला लाभली नाही. हे स्वाभाविकच होते. पहिल्या भेटीत श्रोता नावीन्याचे कौतुक करतो. दुसऱ्या भेटीत तो त्याचे प्रयोजन विचारतो. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला रागाचा विस्तार हवा असतो, तर पॉपच्या चाहत्याला ठेका आणि चटकन ओठांवर बसणारी चाल. दोघांचे पूर्ण समाधान क्वचितच होते.

तरीही दुसऱ्या कृतीच्या नशिबी नेहमी उतरणच असते, असे नाही. बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी कर्नाटकी चालींसह नाना चाली मराठी रंगभूमीवर आणल्या. १८८० चे ‘शाकुंतल’ हे कालिदासाचे भाषांतर होते; १८८२ चे ‘सौभद्र’ स्वतंत्र रचना होती. त्यातील अर्जुन, सुभद्रा, कृष्ण घरातल्या माणसांसारखे बोलू लागले आणि पदे त्यांच्या मनोगतातून उमलली. म्हणून ‘सौभद्र’ घरोघर पोचले.

मिलाफाची वाट त्या जोडीपुरती राहिली नाही. २०११ साली दूरचित्रवाणीवर ‘कोक स्टुडिओ’च्या भारतीय आवृत्तीचा पहिला हंगाम लुईस यांच्याच हाती होता, पुढच्या वर्षी ते काम अनेक संगीतकारांत वाटले गेले.

दोन प्रवाह एकत्र आणणे अवघड खरेच. परंतु ते का एकत्र आले, याचे उत्तर प्रत्येक नव्या कृतीला नव्याने द्यावे लागते. ‘कृष्णा’ला ते उत्तर आपल्या काळाच्या वेदनेत सापडले होते.