मणका 'कट' वाजवला की वेग वाढतो का? खेळाडूंसाठी कायरोप्रॅक्टिक किती कामाचं?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटेच मैदानावर किंवा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण. काही सेकंद जास्त लागले की गुण कमी होतात आणि वर्षभराची मेहनत मेरिटच्या खाली राहते.

अशा वेळी कंबरेत उसण भरली किंवा मांडीची शीर आखडली, की मोबाईलवर एक रील हमखास समोर येतं. कोणीतरी पेशंटला आडवं पाडतं, मान किंवा कंबर झटक्यात फिरवतं, 'कट' असा आवाज येतो आणि पेशंट हसत उठतो. खाली कमेंट असते, "आपल्याकडे कुठं आहे हे?"

या प्रकाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. त्यानं खेळाडूची हालचाल सुधारते का, वेग आणि ताकद वाढते का, आणि चाचणी तोंडावर असताना हा प्रयोग करावा का, ते समजून घेऊ.

आधी थोडक्यात उत्तर

- साध्या कंबरदुखीत आणि मान-पाठ आखडल्यावर काहींना त्यानं आराम मिळतो. त्यामुळे सराव पुन्हा सुरू करणं सोपं जातं.
- त्यानं थेट वेग किंवा ताकद वाढते, याचा भक्कम पुरावा नाही.
- लिगामेंट तुटणं, हाडाला तडा जाणं, गादी सरकून पायातली शक्ती जाणं, यावर हा उपाय नाही. अशा वेळी झटका दिला तर नुकसान वाढू शकतं.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट शहरात १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'हातानं केलेलं काम' असा होतो. मणके जागेवरून किंचित हलल्यामुळे नसांचं काम बिघडतं आणि त्यातून बहुतेक आजार होतात, असं पामर यांचं म्हणणं होतं. हा सिद्धांत पुढे विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. आज अनेक देशांतले कायरोप्रॅक्टर प्रामुख्यानं कंबर, मान आणि सांध्यांच्या दुखण्यावर काम करतात.

तिकडे हे शिक्षण काही महिन्यांचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण प्रशिक्षणात किमान ४,२०० तासांचं अध्यापन अपेक्षित आहे. खेळाच्या जगातही या पद्धतीला जागा मिळाली. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पथकासोबत पहिल्यांदा अधिकृत कायरोप्रॅक्टर गेला होता.

तो 'कट' आवाज कशाचा?

हाड जागेवर बसल्याचा हा आवाज नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब कमी होतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष टिपलं. एकदा आवाज आला की तोच सांधा साधारण २० मिनिटं पुन्हा वाजत नाही, त्याचं कारणही हेच.

म्हणजे आवाज मोठा आला म्हणून उपचार चांगला झाला असं नाही, आणि आवाज आलाच नाही म्हणून तो फसला असंही नाही.

मग बरं का वाटतं? झटक्यानं सांध्याभोवतीचे स्नायू आणि तिथल्या संवेदना टिपणाऱ्या नसा क्षणभर ताणल्या जातात. त्यातून मेंदूकडे जाणारे संकेत बदलतात, आखडलेला स्नायू थोडा सैल पडतो आणि दुखणं कमी जाणवतं. मान थोडी जास्त वळते, कंबर थोडी जास्त वाकते. हा परिणाम खरा असतो, पण बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकतो.

खेळात कण्याचं काम काय?

लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. पुढे त्यांच्या तालमीत लातूरचेच काका पवार घडले. बिराजदार आणि पवार यांच्याकडे शिकलेल्या बीडच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्णपदक जिंकलं. मराठवाड्याच्या या कुस्तीत कलाजंग मारताना पैलवान प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घेतो. तेव्हा ताकद पायातून निघते, खुब्यातून वर येते आणि कण्यातून खांद्यापर्यंत पोहोचते. खुबा आखडलेला असेल तर तेवढं वळण कंबरेला घ्यावं लागतं, आणि मग दुखते ती कंबर.

गोळाफेकीतही हेच होतं. हातानं गोळा फेकायच्या आधी धड वळतं. पाठीचा मधला भाग नीट फिरत नसेल तर सगळा भार खांद्यावर येतो. नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत उतरली, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात तिनं सुमित अंतिलसोबत भारताचा तिरंगा हाती घेतला. तिच्या एफ-३४ गटात बसून फेक करावी लागते. पायांचा जोर मिळत नसल्यानं धड आणि खांद्यांवरच सगळी मदार असते.

नांदेडमध्ये श्री गुरू गोबिंदसिंगजी यांच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. हॉकीपटूला बराच वेळ वाकून पळावं लागतं, त्यामुळे कंबरदुखी या खेळात नेहमीचीच.

म्हणून सांध्याची हालचाल मोकळी असणं खेळाडूच्या कामाचं आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की झटका देऊन ती किती आणि किती काळ मोकळी होते.

संशोधन काय सांगतं?

*कंबरदुखी.* २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात नव्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा आला. मणक्यांवरच्या हस्तोपचारानं वेदना १०० पैकी साधारण १० गुणांनी कमी झाली. फायदा आहे, पण माफक. जुन्या कंबरदुखीवर २०१९ मध्ये 'बीएमजे'नं ४७ चाचण्यांचा आढावा छापला. त्यात व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच परिणाम दिसला.

*कष्टाचं शरीर असलेले तरुण.* २०१८ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या ७५० जणांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत कायरोप्रॅक्टिक घेतलेल्यांची कंबरदुखी सहा आठवड्यांत इतरांपेक्षा जास्त कमी झाली. इथे 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा आहे. नेहमीचे उपचार त्यांनी बंद केले नव्हते.

*दुखापत टाळणं.* ऑस्ट्रेलियातल्या ५९ फुटबॉलपटूंवरच्या चाचणीत कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांना पायाचे स्नायू ताणण्याच्या दुखापती कमी झाल्या. हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत मात्र फरक ठामपणे सिद्ध झाला नाही.

*ताकद.* २०१२ मध्ये १८ ज्युदोपटूंची मान हाताळल्यावर त्यांच्या हाताची पकड वाढल्याचं आढळलं. पण १८ खेळाडूंवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. पकड थोडी वाढली म्हणून कुस्ती जिंकता येते, असंही त्यातून सिद्ध होत नाही.

दुखणं कमी झालं की खेळाडू पूर्ण जोर लावून सराव करू शकतो. वेग येतो तो त्या सरावातून.

वस्ताद, हाडवैद्य आणि कायरोप्रॅक्टर

आपल्याकडे हाताचे उपचार नवीन नाहीत. तालमीत वस्ताद मालिश करून लचक काढतात आणि गावोगावी हाडवैद्य असतात. माळेगावच्या खंडोबा यात्रेतल्या कुस्त्यांनंतर पैलवान अंग रगडून घेतात. मालिशनं रक्ताभिसरण वाढतं, स्नायू सैल पडतात आणि बरं वाटतं.

मालिश करणं वेगळं आणि मान झटक्यात फिरवणं वेगळं. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. मानेला झटका दिल्यावर क्वचित त्यांच्या आतल्या थराला चीर पडल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. धोका दुर्मीळ आहे, पण झाला तर आयुष्यभराचा. म्हणून रील पाहून मित्राकडून मान मोडून घेणं, किंवा न्हाव्याच्या खुर्चीत बसून ती 'कट' वाजवून घेणं बंद करा.

कधी कोणालाही झटका देऊ द्यायचा नाही?

पुढीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर गाठा:

- पायात किंवा हातात मुंग्या, बधिरपणा वाढत चाललाय किंवा शक्ती कमी झाली आहे.
- लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटलाय, किंवा जांघेत बधिरपणा आहे. हे तातडीचं आहे, त्याच दिवशी दवाखान्यात जा.
- पडल्यानंतर, अपघातानंतर किंवा कुस्तीत डोक्यावर आपटल्यानंतर मान दुखते आहे.
- ताप, वजन घटणं, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे.
- नडगीवर बोट ठेवलं की एकाच जागी तीव्र दुखतं. डांबरी रस्त्यावर अचानक जास्त पळणाऱ्यांच्या हाडाला असा बारीक तडा जाऊ शकतो.
- विशीच्या आतल्या वेगवान गोलंदाजाची किंवा पैलवानाची कंबर एकाच बाजूला दुखते आणि मागे वाकल्यावर वाढते. तिथं मणक्याच्या हाडाला तडा असण्याची शक्यता असते.
- पळताना गुडघ्यात 'कट' झालं, सूज आली आणि गुडघा दगा देतोय.

शेवटच्या मुद्द्यासाठी बीडच्या अविनाश साबळेचं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोतल्या शर्यतीत त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट आणि आतली गादी फाटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. फाटलेलं लिगामेंट कोणत्याही झटक्यानं जुळत नाही.

नांदेड-लातूरमध्ये कुठं जायचं?

भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटीवर 'कायरोप्रॅक्टर' लिहिणारा परदेशात चार वर्षं शिकलेला असू शकतो, किंवा आठवड्याचा कोर्स करून आलेलाही.

फिजिओथेरपीचं तसं नाही. त्यासाठी पदवी असते आणि राज्यात ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी होते. सांध्यांवरचे हस्तोपचार फिजिओथेरपिस्टही करतात. लातूरमध्ये फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. अस्थिरोग तपासणीसाठी लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय आणि नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कोणाकडेही गेलात तरी हे चार प्रश्न विचारा:

१. तुमची पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय?
२. मला नेमकं काय झालंय, आणि हे तपासून कसं ठरवलं?
३. किती वेळा यावं लागेल आणि फरक नाही पडला तर पुढे काय?
४. घरी कोणता व्यायाम करू?

"मणक्यात गॅप आहे", "मणका सरकलाय, दर आठवड्याला बसवावा लागेल", "वीस सिटिंगचं पॅकेज घ्या" असं पहिल्याच भेटीत, न तपासता सांगितलं, तर उठून बाहेर या. मान फिरवायला तुम्ही नकार देऊ शकता. सौम्य पद्धती उपलब्ध असतात.

आराम मिळाल्यावर पुढे काय?

हस्तोपचारानंतरचा मोकळेपणा फार काळ टिकत नाही, म्हणून त्याच काळात व्यायाम करायचा. मार्जारासनानं पाठ मोकळी करा, साईड प्लँकनं कंबरेच्या बाजूचे स्नायू घट्ट करा, खोल बैठकांनी खुबा आणि घोटा सुटा ठेवा.

पळणाऱ्यांसाठी आणखी एक बिनपैशाचा व्यायाम आहे, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. सतरंजीवर गुडघे टेका, जोडीदाराला मागून घोटे दाबून धरायला सांगा. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून जमेल तितकं सावकाश पुढे झुका आणि शेवटी हातांवर सावरा. ८,४५९ खेळाडूंचा समावेश असलेल्या १५ अभ्यासांच्या २०१९ च्या आढाव्यानुसार, हा व्यायाम प्रशिक्षणात असलेल्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झाल्या. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट पुरेत. मग हळूहळू वाढवा. सुरुवातीला मांड्या चांगल्याच दुखतात, म्हणून चाचणीच्या आदल्या आठवड्यात तो पहिल्यांदा करू नका.

हाच नियम कायरोप्रॅक्टिकलाही लागू आहे. आयुष्यातला पहिला झटका चाचणीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. त्यानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं नेहमीचं आहे, आणि ते दिवस मैदानावर परत मिळत नाहीत. उपचार करायचाच असेल तर दोन-तीन आठवडे आधी, नोंदणी असलेल्या माणसाकडून, तपासणी करून घ्या. चाचणीच्या सकाळी मात्र नीट वॉर्मअप करा आणि रोजच्या सवयीचेच बूट घाला.