एपकॅम
मानवी शरीरातील अभिस्तर पेशींच्या पटलावर आढळणारे पेशी-आसंजक प्रथिन. आतडे, श्वासनलिका, स्तन, स्वादुपिंड, पुरःस्थ ग्रंथी इत्यादींच्या अस्तरांत ते असते. रक्तपेशींत, स्नायूंत व सामान्य त्वचेच्या केराटिनयुक्त पेशींत नसते. अस्तरांपासून उद्भवणाऱ्या बहुतेक कर्करोगांत, विशेषतः ग्रंथिकर्करोगांत, ते भरपूर आढळते. त्यामुळे कर्करोगाचा जैवचिन्हक (रुग्णालयीन बोलीत ‘मार्कर’) म्हणून त्याचा वापर होतो.

रचना : प्रथिनात ३१४ ॲमिनो आम्ले असून त्याचे वस्तुमान सुमारे ४० किलोडाल्टन आहे. मोठा भाग पेशीबाहेर असतो; पेशीच्या आत २६ ॲमिनो आम्लांचे लहानसे शेपूट असते. जनुक २ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे.

इतिहास : १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळे या प्रथिनाचा माग लागला. पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्याला निरनिराळी नावे दिली.

कार्य : पेशींना एकमेकींशी जोडून ठेवण्याचा गुण १९९४ मध्ये नोंदवला गेला. हे प्रथिन पेशी थेट चिकटवते, की क्लॉडिनसारख्या इतर प्रथिनांमार्फत, याविषयी एकमत नाही. त्याचे शेपूट तुटून केंद्रकात जाते व पेशीविभाजनाला चालना देते, असे २००९ मध्ये दाखवण्यात आले.

ऊतक-तपासणीतील उपयोग : बेर-ईपी४ व एमओसी-३१ ही प्रतिपिंडे विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नेहमीची आहेत. छातीत किंवा पोटात साठलेल्या पाण्यातील संशयित पेशी ग्रंथिकर्करोगाच्या, की फुप्फुसावरणाच्या वा उदरावरणाच्या स्वतःच्या, हा वारंवार पडणारा प्रश्न सोडवण्यास त्यांची मदत होते. पहिल्या प्रकारच्या पेशी बहुधा रंगतात, दुसऱ्या सहसा रंगत नाहीत. त्वचेच्या बेसल सेल कर्करोगात बेर-ईपी४ रंगते, स्क्वॅमस सेल कर्करोगात सहसा रंगत नाही. निदान मात्र एकट्या प्रतिपिंडावर ठरत नाही. संच लावूनच अहवाल दिला जातो.

रक्ततपासणीतील उपयोग : कर्करोगाच्या गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तात फिरत राहतात. अशा पेशी १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ यांनी प्रथम वर्णिल्या. १ मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५ अब्ज आणि पांढऱ्या पेशी ४० लाखांहून अधिक असतात; त्यांत या पेशी शोधायच्या. रक्तपेशींवर एपकॅम नसल्यामुळे ते शक्य होते. एपकॅमविरोधी प्रतिपिंड लावलेले चुंबकीय कण रक्तात मिसळतात. नळीला चुंबक लावला की कण चिकटलेल्या पेशी भिंतीकडे ओढल्या जातात आणि उरलेले रक्त काढून टाकता येते. धरलेल्या पेशी मग रंगवतात. केंद्रक रंगलेले, सायटोकेराटिन आहे आणि सीडी४५ हे पांढऱ्या पेशींचे चिन्ह नाही, अशीच पेशी मोजली जाते.

अमेरिकेत या तत्त्वावरील सेलसर्च यंत्रणेला २००४ मध्ये मान्यता मिळाली. पसरलेल्या स्तन-कर्करोगात ७.५ मिलिलिटर रक्तात ५ वा अधिक पेशी सापडल्यास रोगाचे भवितव्य प्रतिकूल मानले जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा आकडा ३ आहे. पुण्याच्या ॲक्टोरियस इनोव्हेशन्स अँड रिसर्च या कंपनीची ऑन्कोडिस्कव्हर चाचणीही एपकॅमवर बेतलेली असून तिला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा परवाना आहे. टाटा स्मारक केंद्रातील शल्यविशारदांसह ती मुखकर्करोगाच्या रुग्णांवर अभ्यासण्यात आली. तंबाखूमुळे हा कर्करोग महाराष्ट्रात फार, म्हणून या अभ्यासाला महत्त्व आहे. परंतु तो बहुतांशी स्क्वॅमस प्रकारचा असतो आणि त्यात एपकॅमचे प्रमाण गाठीगणिक कमीजास्त असते.

मुख्य मर्यादा अशी, की पसरण्याच्या तयारीतील काही कर्करोगपेशी अस्तराचे गुण सोडून देतात व त्यांवरील एपकॅम घटते. अशा पेशी चुंबकाला लागत नाहीत. त्यामुळे ‘पेशी आढळल्या नाहीत’ हा अहवाल कर्करोग नसल्याचा दाखला नव्हे. ही मोजणी गाठीच्या बायॉप्सीची जागाही घेत नाही.

आनुवंशिक विकार : एपकॅम जनुकाचा शेवटचा भाग गळाल्यास शेजारचे एमएसएच२ जनुक बंद पडते व लिंच संलक्षण उद्भवू शकते (२००९). एपकॅम जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असल्यास अर्भकास असाध्य जुलाबांचा दुर्मिळ आंत्रविकार होतो.



औषधोपचार : काटूमॅक्सोमॅब हे एपकॅमविरोधी प्रतिपिंड-औषध कर्करोगजन्य जलोदरासाठी २००९ मध्ये युरोपात मान्य झाले, २०१७ मध्ये ते बाजारातून काढले गेले.