क्रुसाखालील क्रियापदे

झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो, तेव्हा जमावाचे शब्द आपण सारे भाविक एका आवाजात उच्चारतो. पण त्या जमावाने क्रुसाखाली नेमके काय केले? निंदा, टवाळी, हेटाळणी की देवनिंदा? यांतला कोणताही शब्द चालेल, असे आपणांस वाटते. इंग्रजी बायबलच्या इतिहासात मात्र या निवडीमागे दोन पक्षांचे वैर आणि बराच रक्तपात उभा आहे.

मत्तयाच्या २७ व्या अध्यायात जाणारे-येणारे डोकी हालवीत प्रभूला अद्वातद्वा बोलतात. तेथे मूळ ग्रीक क्रियापद 'ब्लास्फेमेइन' हे आहे. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली छापलेल्या नव्या करारात त्यासाठी 'रिव्हाइल', म्हणजे शिव्याशाप देणे, हा शब्द योजला. १५३६ साली ब्रसेल्सजवळच्या व्हिलव्होर्ड येथे टिंडेल यांना गळा आवळून मारण्यात आले व त्यांचा देह जाळण्यात आला. हे कृत्य कॅथॉलिक सत्तेकडून घडले. आपल्या इतिहासलेखकांनी ते झाकून ठेवू नये. त्यांचा शब्द मात्र १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीतही टिकून राहिला.

दुसरा पक्ष आपला. ग्रेगरी मार्टिन हे ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचे विद्वान. श्रद्धेपायी देशत्याग करून ते फ्रान्समध्ये रीम्स येथे राहिले व तेथे त्यांनी लॅटिन वल्गेटवरून भाषांतर केले. (याच पिढीतले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोहोचले, त्यांचे 'ख्रिस्तपुराण' आपल्या परिचयाचे आहेच.) मार्टिन यांचे महाविद्यालयीन मित्र एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनच्या टायबर्न येथे फाशी झाली. पुढच्याच वर्षी रीम्सचा नवा करार प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मार्टिनही वारले. त्यांनी लॅटिनशी इमान राखून 'ब्लास्फीम' असेच लिहिले.

अशा लॅटिन वळणाच्या शब्दांची विरोधकांनी पुष्कळ टर उडवली. विल्यम फुल्क यांनी १५८९ साली खंडनासाठी रीम्सचा संपूर्ण मजकूर इंग्लंडच्या अधिकृत आवृत्तीशेजारी छापला. परिणाम उलटाच झाला. देशात ज्या भाषांतरास थारा नव्हता, ते खंडनाच्या आडून राजरोस वाचकांच्या हाती पडले!

आमच्या मते या एका जागी मार्टिन यांचीच बाजू सरस आहे. आदल्या अध्यायात प्रमुख याजक वस्त्रे फाडून प्रभूवर देवनिंदेचा आरोप ठेवतो. तेथेही मत्तयाचे क्रियापद हेच. देवनिंदक ठरवून ज्याला क्रुसावर दिले, त्याचीच क्रुसाखाली देवनिंदा होते, हा मत्तयाचा विदारक उपरोध 'रिव्हाइल'मध्ये हरवतो. बिशप चॅलनर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास रीम्सची भाषा बरीच सुबोध केली, पण या शब्दाला हात लावला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात अधिकारी प्रभूचा उपहास करतात. तेथे दोन्ही पक्षांच्या आवृत्त्यांत 'डिराइड' हा एकच शब्द आहे. तो अचूक खरा, पण फिका. लूकचे ग्रीक क्रियापद नाकपुडीवरून बनलेले आहे. आपल्या 'नाक मुरडणे' या वाक्प्रचारात ते जितके सहज उतरते, तितके इंग्रजीत उतरत नाही.

राहिली आरोळी. पिलातापुढे जमाव प्रभूच्या मरणाची मागणी करतो आणि पुढे प्रभू प्राण सोडताना मोठ्याने हाक मारतो. या दोन्ही ठिकाणी मत्तय 'क्राझेइन' हेच क्रियापद वापरतो. रीम्स व किंग जेम्स या दोन्ही आवृत्त्यांनी दोहोंकडे 'क्राय' ठेवून ही जोडणी जपली. विसाव्या शतकातील रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीत, जिची कॅथॉलिक प्रत १९६६ साली निघाली, जमाव 'शाउट' करतो आणि प्रभू तेवढा 'क्राय' करतो. कानाला हे बरे वाटते, भक्तालाही रुचते. मराठीत दोन्हीकडे 'ओरडणे' लिहावे, तर प्रभूच्या बाबतीत तो शब्द कित्येकांना खरखरीत वाटेल. पण ग्रीक शब्दही काही गुळगुळीत नव्हे. जुने ग्रीक लेखक तो डोमकावळ्याच्या कर्कश ओरडण्यासाठीही वापरीत.