कसुती : मोजून घातलेले टाके

पोलके शिवून झाले, परकराला काठ लागला, आता त्यावर हाताने काही काढावे असे मनात आले, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो टाक्याचा नव्हे, नक्षीचा. काढावे काय आणि ते आणावे कोठून? छापील नमुने आणि ठसे बाजारात मिळू लागले तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले आहे, असे वाटते. परंतु ज्या काळी यांतले काहीच हाताशी नव्हते, त्या काळी धारवाड, बेळगाव व विजापूर या भागांतील स्त्रियांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचे नाव कसुती.

कानडीत ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सुताचा दोरा, अशी या शब्दाची फोड सामान्यतः केली जाते. हा मुलूख प्रथम मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी वस्त्रांच्या बदलल्या नाहीत. इरकल गावची साडी आणि गुळेदगुड्डचा खण मराठी व कानडी या दोन्ही घरांतून सारख्याच आवडीने नेसला-शिवला गेला. मराठी घरातील काळ्या चंद्रकळेची सख्खी बहीण म्हणजे तिकडची चंद्रकाळी. नववधूच्या संग्रही कसुती काढलेली अशी एक काळी साडी असावी, असा तेथे पूर्वी रिवाज होता. साडीप्रमाणेच चोळी, परकर आणि तान्ह्या मुलांची कुंची यांवरही हे काम केले जाई.

कसुतीचे टाके मुख्यतः चार. गवंती हा दुहेरी धावदोरा आहे. जाताना सुई एक टाका वर व एक खाली असा क्रम ठेवते आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरीत येते. मुर्गी हा त्याच जातीचा, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा टाका. नेगी या टाक्याचे नाव विणण्यावरून पडले आहे. तो कापडातच विणल्यासारखा दिसतो. मेंथी हा फुलीचा टाका असून त्याचे नाव मेथीच्या दाण्यावरून आले आहे. गवंतीचे नाव ‘गंटु’, म्हणजे गाठ, या शब्दावरून आले असे सांगतात. मौज अशी की, कसुतीत दोऱ्याला गाठ मारावयाचीच नसते. दोऱ्याचे टोक टाक्यांतच गुंतवून लपवावयाचे. त्यामुळे गवंती व मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. वाऱ्याने पदर उलटला, तरी त्याची उलटी बाजू म्हणून कोणती दाखविता येत नाही.

या कामात कापडावर आधी रेघ मारलेली नसते. उभे-आडवे धागे मोजावयाचे आणि त्या हिशोबाने सुई घालावयाची. गडद रंगाच्या तलम पोतावर ही मोजणी म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. एक धागा चुकला की पुढची सारी आकृती तिरकी होते आणि मागचे टाके उसवावे लागतात. शिवाय गवंतीला आडवी, उभी व तिरपी एवढ्याच रेषा मानवतात; गोलाई तिला वर्ज्य. म्हणून कसुतीतला मोर कोनाकोनांचा होतो आणि कमळ पायऱ्यांचे होते. जी अडचण वाटावी, तिनेच या कलेला तिचा चेहरा दिला आहे.

नक्षीचे विषय पाहिले म्हणजे ते कोठून आले, हे वेगळे सांगावे लागत नाही. देवळाचे गोपूर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, नंदी; दारचे तुळशीवृंदावन, घरातला पाळणा, झाडावरचा राघू. देवदर्शनाच्या वाटेवर आणि घराच्या उंबरठ्याशी जे दिसत होते, तेच धाग्यांच्या गणितात बसविले गेले. इरकलीच्या पदरात तर विणकराने देवळाच्या शिखरासारखी नक्षी आधीच विणलेली असते. काढणारणीने मोठी गोपुरे व रथ त्या पदराच्या आसपास मांडले आणि अंगावर बारीक बुट्टे विरळ करीत नेले. नक्षी कापडावर लादलेली नसून त्यातूनच उगवलेली आहे, असा भास होतो तो यामुळेच.

हाच दुहेरी धावदोरा युरोपातही प्रचलित होता. मनगटावरच्या झालरीच्या दोन्ही बाजू दिसत असल्यामुळे तेथेही तो सोयीचा ठरला. हान्स होल्बाइन या चित्रकाराने 1536 च्या सुमारास इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचे चित्र रंगविले. त्यातील बाहीच्या टोकावरचे काळ्या रेशमाचे भरतकाम इतके बारकाईने उतरले आहे की, पुढे इंग्रजीत या टाक्यालाच होल्बाइनचे नाव मिळाले. टाका चित्रकाराच्या नावाने प्रसिद्ध झाला. जिने तो प्रत्यक्ष घातला, तिचे नाव मात्र त्याला लाभले नाही. धारवाडकडे निदान टाक्याला कोणा एकाचे नाव दिले गेले नाही. गाठ, वीण आणि मेथीचा दाणा, ही कामातली व स्वयंपाकघरातली नावेच तेथे पुरेशी ठरली.

आज कसुतीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचे नमुने यंत्रावरही काढले जातात. पण शिवणयंत्राच्या टाक्याला वर एक व खाली एक असे दोन दोरे लागतात, आणि वस्त्र उलटताच खरे-खोटे कळते. तथापि खरा तोटा उलट्या बाजूचा नाही. आयता नमुना गिरविणाऱ्या हाताला अंगणातले वृंदावन पाहण्याचे कारण उरत नाही, हा खरा तोटा होय. ज्या स्त्रियांनी राघू, पाळणा आणि रथ प्रथम धाग्यांत मोजले, त्यांच्यापाशी नमुन्याचे पुस्तक नव्हते. नवे पोलके शिवून होताच आज जी कोणी मॅटीच्या तुकड्यावर चार धागे मोजून आपल्याच खिडकीतली कुंडी काढून पाहील, ती त्यांच्याच पंक्तीला बसेल.