बॉम्बसाठी केलेलं खोपटं

इंग्लंडातली बाग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गुलाबांचे ताटवे आणि गालिच्यासारखी हिरवळ येते. तशा बागा आहेतच, तिकीट काढून बघायच्या. पण माझा जीव जडलाय तो इथल्या दुसऱ्या बागेवर. घरामागे हातरुमालाएवढी जागा, कोपऱ्यात पत्र्याची शेड, आणि कुंडी म्हणून वाट्टेल ते! रंगाचे रिकामे डबे, तडा गेलेलं सिंक, बूड गेलेली बादली.

आमच्या मागच्या अंगणातही हेच आहे. शेडमध्ये एक आडवी फळी आहे, तिच्यावर माती कालवायची, डबे भरायचे. दह्याच्या कपांत टोमॅटोची रोपं, आइसक्रीमच्या डब्यात मेथी. बाहेर पाऊस पडत असतो (तो पडतच असतो), पत्र्यावर ताशा वाजतो, आणि आत मी चहाचा कप घेऊन उगाचच एखादं रोप इकडून तिकडे करत असतो. याहून मोठी चैन मला माहीत नाही.

या शेडचं छप्पर मात्र इतरांसारखं उतरतं नाही, गोल आहे. जाड पन्हळी पत्रे वर वाकवून बोल्टांनी जोडलेले. शेजारच्या आजोबांनी एकदा सहज सांगितलं, "ती अँडरसन आहे." मग वाचत गेलो आणि हे खोपटं मला वेगळंच दिसायला लागलं.

१९३८ साली युद्धाची चाहूल लागली तेव्हा ब्रिटिश सरकारला विमानहल्ल्यांची काळजी पडली. त्या खात्याचे प्रमुख होते सर जॉन अँडरसन. त्यांच्याच नावाने हा 'अँडरसन शेल्टर' ओळखला जातो. सहा फूट उंच, साडेचार फूट रुंद, साडेसहा फूट लांब, आणि आत सहा माणसं! घरामागच्या अंगणात चार फूट खड्डा खणायचा, पत्र्यांचा सांगाडा उभा करायचा आणि वरून निदान सव्वा फूट माती लोटायची. फेब्रुवारी १९३९ पासून वाटप सुरू झालं. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी मिळकत असेल तर फुकट, बाकीच्यांना ७ पौंड. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे पंधरा लाख शेल्टर वाटून झाले होते, पुढे आणखी वीस लाखांहून जास्त.

आत थंडी, ओल, आणि पाऊस झाला की घोटाभर पाणी. पण छपरावर सव्वा फूट माती होती ना! मग लोकांनी तिच्यात भाजी लावली. रात्री खाली जीव मुठीत धरून बसायचं आणि सकाळी त्याच छपरावरच्या मॅरोला (हा आपल्या दुध्याचा भाऊबंद) पाणी घालायचं.

त्याच सुमारास सरकारने 'विजयासाठी खणा' अशी मोहीम काढली. कारण सरळ होतं: बेटावरचं बरंचसं अन्न जहाजांनी येई आणि जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाज्या लागल्या. दर रविवारी मिस्टर मिडलटन बीबीसीवरून बागकाम शिकवत. कांदा इतका दुर्मिळ झाला की तो सोडतीत बक्षीस म्हणून ठेवत! (नाशिककरांनी हे वाचून हसू नये.) ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी 'अलॉटमेंट' होत्या, म्हणजे गावाने नाममात्र भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे ते देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारकच केलं होतं. ठरीव माप दहा रॉड. मी हिशोब केला, तो बरोब्बर अडीच गुंठे निघाला. युद्धाआधी आठ लाखांच्या आसपास असलेले हे तुकडे युद्धकाळात चौदा लाखांवर गेले.

युद्ध संपल्यावर सरकार पत्रे परत न्यायला आलं. पण थोडे पैसे भरून ते ठेवून घेता येत. पुष्कळांनी ठेवले, खड्ड्यातून वर काढले, आणि त्यांत फावडी, बी-बियाणं, कुंड्या ठेवायला लागले.

इथवर गोष्ट गोड आहे. पण अँडरसन हे नाव मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. हेच सर जॉन अँडरसन १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते! क्रांतिकारकांना चिरडण्यासाठीच त्यांना तिकडे धाडलं होतं. ८ मे १९३४ रोजी दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या रेसकोर्सवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले. भवानी भट्टाचार्य हा तरुण १९३५ साली फासावर गेला.

आणि १९४३ साली, म्हणजे इथे अलॉटमेंट बहरात असताना, बंगालमध्ये दुष्काळ पडला. तेव्हा अँडरसन तिथे नव्हते, तो दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला, भाव आभाळाला भिडलेले, जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनेच काढून घेतलेल्या. सुमारे तीस लाख माणसं गेली. त्यांत सर्वांत जास्त भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सरकारने हिंदुस्थानातही काढली होती. पण ज्याच्याकडे पाऊलभर जमीन नाही त्याने पिकवायचं कुठे? अडीच गुंठ्यांचा कायदा बंगालसाठी नव्हता.

मला आता ही डब्यांची बाग नुसती काटकसर किंवा हौस वाटत नाही. गिरगावातल्या आमच्या आजीच्या चाळीत प्रत्येक कठड्यावर डालड्याचा डबा असायचा. डालडा बाजारात आला १९३७ साली. डबा रिकामा झाला की खिळ्याने बुडाला भोकं पाडायची, माती भरायची, तुळस लावायची. चाळीतल्या माणसाच्या मालकीची जमीन ती एवढीच, डबाभर. आजीला ती कोणी दिली नव्हती, तिने ती स्वतः केली होती.

कोणी विचारतं, हे सगळं कळल्यावर त्या शेडमध्ये बसवतं कसं? बसवतं. पत्र्याचा काय गुन्हा? तो बॉम्बसाठी घडवला होता आणि आता मेथीला आडोसा देतोय, याचा मला आनंदच आहे. फक्त एक होतं. कोणी कौतुकाने म्हणालं की इंग्रज मोठे बागवेडे, कुठेही भाजी पिकवतात, तर मी मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हो, पण त्यांना मातीही मिळाली होती.