दोन फुटांची भिंत

किल्ला म्हटला की आम्हां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे आधी डोंगर उभा राहतो आणि मागाहून तट. क्रोएशियातील दुब्रोव्हनिकला मात्र डोंगर पाठीशी राहिला आहे आणि तट थेट समुद्राच्या खडकांतून वर आला आहे. सिंधुदुर्ग पाहिलेल्याला हे दृश्य अगदीच परके वाटू नये. फरक इतकाच की, या तटाच्या पोटात एक अख्खे व्यापारी शहर नांदत आले आहे.

पिले दरवाजाच्या कोनाड्यात शहराचा रखवालदार संत व्लाहो हातात शहराची प्रतिकृती घेऊन उभा आहे. हाच संत जुन्या गोव्याजवळ गांदावली येथे सान ब्रास या नावाने नांदतो. तेथे पूर्वी दुब्रोव्हनिकचे व्यापारी येऊन राहिले होते, असे सांगतात. इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. पण परमुलुखात ओळखीचे नाव भेटले की जिना चढायला बरे वाटते, हे खरे.

तटाचा घेर १,९४० मीटर. फांजीवरून चालताना मी आपला भिंतीची जाडी न्याहाळीत होतो. जमिनीच्या बाजूला ती चार ते सहा मीटर आणि समुद्राच्या बाजूला दीड ते तीन. भय कोणत्या दिशेचे होते, ते वेगळे सांगायला नको. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, आणि इकडे धावपळ सुरू झाली. १४६१ मध्ये फ्लॉरेन्सच्या मिकेलोझ्झोला बोलावून मिंचेता बुरुजाचे काम सुरू केले; युराय दाल्मातिनाच या कसबी स्थपतीने ते १४६४ मध्ये पुरे केले. समुद्राकडे तोंड करून उभे राहावे आणि मान वळवून हा प्रचंड गोल बुरूज पाहावा, म्हणजे त्या काळची धास्ती समजते.

गंमत अशी की, ज्या तुर्कांसाठी हा खटाटोप, त्यांनाच हे प्रजासत्ताक १४८१ पासून वर्षाला १२,५०० डुकाट खंडणी देत असे. एका हाताने बुरूज बांधायचा आणि दुसऱ्या हाताने थैली पुढे करायची! त्या थैलीच्या मोबदल्यात तुर्की मुलखात व्यापाराची मोकळीक मिळे. कोणी याला लाचारी म्हणतील. मी म्हणणार नाही. चिमूटभर शहर, पदरी मोठी फौज नाही. तरी १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षे त्यांनी आपला कारभार आपण केला.

पण मला खरा थांबविला तो लोव्हरियेनात्सने. पश्चिमेच्या दरवाजाबाहेर ३७ मीटर उंच खडकावर हा सुटा किल्ला आहे. त्याची शत्रूकडील भिंत कोठे कोठे १२ मीटर जाड आहे. शहराकडची भिंत मात्र अवघी साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट! प्रथम मला वाटले, पैसे संपले असतील. तसे नव्हते. उद्या किल्लेदाराच्या मनात पाप आले आणि त्याने तोफा शहराकडे फिरविल्या, तर शहराला त्याची भिंत सहज पाडता यावी, अशी ती योजना. शहराचा प्रमुख, त्यांचा ‘क्नेझ’, तोही एकाच महिन्यासाठी निवडला जाई, आणि तेवढा महिना सरकारी कामावाचून त्याला वाड्याबाहेर पडण्याची मुभा नसे. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस असे तिघे नेमून किल्ला एकाच्या हाती न देणारे शिवछत्रपती मला तेथे आठवले. फितुरीचा धसका दोन्हीकडे सारखाच. येथे तो दगडांत बांधला होता, एवढेच.

आणि तरीही शेवट आतूनच आला. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर कोसळले, तरी तट बहुतांशी तगला. पण १८०६ साली नेपोलियनचा सेनापती लॉरिस्टन दाराशी आला, तेव्हा लढाई झालीच नाही. दरवाजा उघडला गेला. ३१ जानेवारी १८०८ रोजी मार्शल मार्माँच्या हुकुमाने प्रजासत्ताक संपले. सहा मीटरची भिंत जागच्या जागी होती.

मिंचेतावरून खाली पाहिले तर सगळी कौलेच कौले. बरीचशी लालभडक, नवी. मधूनमधून फिकट पिवळसर, जुनी. ६ डिसेंबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने पाठीमागच्या डोंगरांवरून या शहरावर तोफा डागल्या. त्या वेढ्यात जुन्या शहरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना गोळे लागले. तट उभाच होता. गोळे त्याच्या डोक्यावरून गेले. माझ्या सोबत्याने जुनी छपरे मोजायला सुरुवात केली. तटाला लागून असलेल्या एका गच्चीवर एक वृद्ध बाई कपडे वाळत घालीत होती. आमची बोटे पाहून तिला मतलब उमगला असावा. तिने हसून स्वतःच्या छपराकडे हात केला. ते अर्धे पिवळे होते आणि अर्धे लाल.