मॉलिन्यूचा प्रश्न

मॉलिन्यूचा प्रश्न हा ज्ञानमीमांसा, संवेदनाचे मानसशास्त्र आणि बोधात्मक चेताविज्ञान या तिन्ही शाखांमध्ये चर्चिला गेलेला प्रश्न आहे. एखाद्या जन्मांध व्यक्तीला घन आणि गोल यांतील भेद स्पर्शाने ओळखता येत असेल आणि पुढे तिला दृष्टी प्राप्त झाली, तर हात न लावता, केवळ पाहून, कोणता घन व कोणता गोल हे तिला सांगता येईल काय, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. आयरिश विचारवंत विल्यम मॉलिन्यू (१६५६–१६९८) यांनी तो १६८८ मध्ये मांडला. सुमारे सव्वातीनशे वर्षांनी, २०११ मध्ये, भारतातील ‘प्रकल्प प्रकाश’ या उपक्रमात शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या मुलांवर त्याची नियंत्रित चाचणी घेण्यात आली. दृष्टी मिळताच ही मुले स्पर्शाने जाणलेली वस्तू पाहून ओळखू शकली नाहीत. मात्र थोड्याच दिवसांत ती क्षमता त्यांच्यात दिसू लागली.

प्रश्नाचा उगम

मॉलिन्यू हे डब्लिनमधील प्रकाशशास्त्राचे अभ्यासक व राजकारणी होते. त्यांच्या पत्नीची दृष्टी विवाहानंतर अल्पावधीतच गेली होती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या आगामी ग्रंथाचा सारांश फ्रेंच नियतकालिकात वाचल्यानंतर मॉलिन्यू यांनी ७ जुलै १६८८ रोजी पत्राद्वारे हा प्रश्न कळवला. त्याला उत्तर मिळाले नाही. पुढे दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १६९३ मध्ये मॉलिन्यू यांनी प्रश्न पुन्हा मांडला. लॉक यांनी तो ‘मानवी आकलनाविषयीचा निबंध’ या आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट केला, आणि तेव्हापासून तो युरोपभर चर्चेत आला.

तत्त्वज्ञांची मते

ज्ञान अनुभवातून येते की मनात काही कल्पना जन्मतःच असतात, या वादाची कसोटी म्हणून या प्रश्नाकडे पाहिले गेले. आकाराची कल्पना सर्व इंद्रियांना समान असेल, तर दृष्टी मिळालेली व्यक्ती लगेच योग्य उत्तर देईल. दृष्टी आणि स्पर्श यांच्या कल्पना वेगवेगळ्या असतील, तर त्यांची सांगड अनुभवानेच घालावी लागेल.

मॉलिन्यू आणि लॉक या दोघांचेही उत्तर नकारार्थी होते. जॉर्ज बर्कली यांनी १७०९ मध्ये याहून पुढे जाऊन दृष्टी व स्पर्श यांच्या विषयांत काहीही समान नसते, असे प्रतिपादन केले. याउलट गॉटफ्रीड लायब्निझ यांच्या मते, समोर घन व गोल आहेत हे आधी सांगितले असल्यास ती व्यक्ती तर्काने ते ओळखू शकेल; कारण घनाला कोपरे असतात व गोलाला नसतात, हे भूमितीय सत्य दोन्ही इंद्रियांना लागू पडते. दनी दिदरो यांनी १७४९ च्या ‘अंधांविषयीचे पत्र’ या लेखनात वेगळाच मुद्दा पुढे आणला. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला विश्रांती आणि पाहण्याचा सराव मिळाल्याखेरीज घेतलेली चाचणी अर्थपूर्ण ठरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप आधुनिक प्रयोगांच्या संदर्भातही उपस्थित केला जातो.

शस्त्रक्रियांचे जुने दाखले

इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम चेसलडेन यांनी १७२८ मध्ये एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून अंध असलेल्या या मुलावर वयाच्या १३ ते १४ वर्षांच्या दरम्यान मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. आरंभी त्याला सर्व वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत, आणि मांजर व कुत्रा यांतील फरक पाहून लक्षात ठेवणे त्याला कठीण जाई. व्हॉल्तेअर यांच्यासह अनेकांनी हा नकारार्थी उत्तराचा पुरावा मानला.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी १९६३ मध्ये ‘एस. बी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना ५२ व्या वर्षी पारपटलाच्या, म्हणजे डोळ्यासमोरील पारदर्शक पडद्याच्या, प्रत्यारोपणानंतर दृष्टी मिळाली होती. अंधशाळेत स्पर्शाने शिकलेली मोठी इंग्रजी अक्षरे ते पाहून वाचू शकले. स्पर्शाने न शिकलेली छोटी अक्षरे मात्र त्यांना ओळखता आली नाहीत. हा दाखला होकारार्थी उत्तराकडे झुकणारा होता.

या जुन्या नोंदींना मर्यादा होत्या. रुग्णाला पूर्वी किती दिसत होते, हे अनेकदा स्पष्ट नसे. जुन्या पद्धतीत अपारदर्शक भिंग केवळ बाजूला सारले जाई, त्यामुळे प्रतिमा अंधुकच राहत असे. शिवाय चाचणी शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी झाली, यातही एकवाक्यता नव्हती.

निर्णायक काळाची संकल्पना

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग केले. आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात एक डोळा बंद ठेवल्यास पुढे तो उघडल्यानंतरही मेंदूतील दृष्टिक्षेत्राच्या पेशी त्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत, असे त्यांना आढळले. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. या संशोधनातून दृष्टीच्या विकासासाठी ‘निर्णायक काळ’ असतो, ही कल्पना रूढ झाली. तिचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, जन्मजात मोतीबिंदू असलेले मूल काही वर्षांचे झाल्यावर शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग नाही, असा समज वैद्यकातही बळावला. श्रीमंत देशांत अशा मुलांवर तान्हेपणीच उपचार होतात. परंतु गरिबी, दूरवरची रुग्णालये आणि माहितीचा अभाव यांमुळे भारतात अनेक मुले उपचाराविना मोठी होतात.

प्रकल्प प्रकाश

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अमेरिकी संस्थेतील चेताशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी ‘प्रकल्प प्रकाश’ हा उपक्रम सुरू केला. उत्तर भारतातील खेड्यांमध्ये तपासणी करून उपचारयोग्य अंधत्व असलेली मुले शोधणे, दिल्लीतील डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणे आणि त्यांच्या दृष्टीचा विकास कसा होतो याचा अभ्यास करणे, असे या उपक्रमाचे स्वरूप आहे.

२०११ चा प्रयोग

रिचर्ड हेल्ड, पवन सिन्हा, तपन गांधी, सुमा गणेश आणि सहकारी यांनी केलेला हा प्रयोग ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ८ ते १७ वर्षे वयाची पाच मुले होती. चौघांना दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू होता, तर एकाचे पारपटल जन्मतः अपारदर्शक होते. उपचारापूर्वी त्यांना जेमतेम उजेड व अंधार यांतील फरक कळत असे. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत त्यांची चाचणी घेण्यात आली.

चाचणीसाठी मुलांच्या खेळण्यातील ठोकळ्यांसारख्या आकारांच्या २० जोड्या तयार करण्यात आल्या. नव्या दृष्टीला त्या दिसाव्यात म्हणून वस्तू पुरेशा मोठ्या होत्या आणि त्यांची पार्श्वभूमी कोरी ठेवली होती. मुलांना आधी एक वस्तू दिली जाई आणि नंतर दोन वस्तूंमधून तिच्यासारखी वस्तू निवडण्यास सांगितले जाई. योग्य उत्तरांचे सरासरी प्रमाण पुढीलप्रमाणे होते:

• स्पर्शाने जाणून स्पर्शानेच ओळखणे: ९८ टक्के
• पाहून जाणून पाहूनच ओळखणे: ९२ टक्के
• स्पर्शाने जाणून पाहून ओळखणे: ५८ टक्के

दोन पर्यायांपैकी एक निवडताना निव्वळ अंदाजानेही ५० टक्के उत्तरे बरोबर येऊ शकतात. त्यामुळे तिसरा निकाल जवळजवळ अंदाजाच्या पातळीवरचा ठरतो. दुसऱ्या चाचणीतील यश पाहता हे अपयश केवळ अंधुक दिसण्यामुळे आले असे म्हणता येत नाही, असा संशोधकांचा युक्तिवाद आहे. त्यांपैकी काही मुलांची पुढे पुन्हा चाचणी घेतली असता, कोणतेही खास प्रशिक्षण न देता, पाचेक दिवसांतही लक्षणीय सुधारणा दिसून आली.

आक्षेप

तत्त्वज्ञ जॉन श्वेंकलर यांनी २०१२ मध्ये या निष्कर्षावर आक्षेप घेतला. एका वस्तूची दुसरीशी पाहून तुलना करताना केवळ कडा, कोपरे यांसारखी तुटक लक्षणे जुळवूनही योग्य उत्तर देता येते. त्यामुळे मुलांना त्या वस्तूंचा त्रिमितीय आकार खरोखर दिसत होता, असे सिद्ध होत नाही. आणि आकारच दिसत नसेल तर तो स्पर्शाशी जुळला नाही यावरून काही अनुमान काढता येत नाही. मुलांना वस्तूंभोवती फिरू द्यावे किंवा उठावाच्या सपाट आकृत्या वापराव्यात, असे पर्याय त्यांनी सुचवले. सहभागी मुलांची अल्प संख्या ही देखील या प्रयोगाची मर्यादा आहे.

नंतरचे संशोधन

प्रकल्प प्रकाशच्या २०१५ च्या एका अभ्यासात नऊ मुलांना दृष्टी मिळताच पाँझो आणि म्युलर-लायर हे प्रसिद्ध दृष्टिभ्रम जाणवत असल्याचे दिसले. दृश्य अनुभव नसतानाही मेंदूत काही प्रक्रिया सिद्ध असतात, असे यावरून सूचित होते. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांना रंगीत चित्रांतील वस्तू ओळखता येतात, पण तीच चित्रे कृष्णधवल केल्यास त्यांची अडचण बरीच वाढते. नवजात बालकाला रंग अस्पष्ट दिसतात, त्यामुळे ते प्रथम उजेड-छायेच्या आधारे पाहायला शिकते. या मुलांना तो टप्पा मिळालेला नसतो, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांत वेगळे निकाल आले आहेत. २०२० मध्ये भुंगेमाश्यांनी अंधारात स्पर्शाने जाणलेले घन व गोल उजेडात केवळ पाहून ओळखल्याचे आढळले. मात्र या माश्यांना आधीपासून दृष्टी होती. २०२४ मध्ये, अंधारात उबवलेल्या व स्पर्शाचाच अनुभव मिळालेल्या कोंबडीच्या पिलांनी गुळगुळीत आणि खडबडीत वस्तूंमधील फरक प्रथमदर्शनीच ओळखल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे मॉलिन्यूच्या प्रश्नाचे उत्तर सर्व प्राण्यांसाठी एकच असेल असे नाही.

महत्त्व

या संशोधनाने तत्त्वज्ञानातील वाद मिटलेला नाही. मात्र दृष्टी आणि स्पर्श यांची सांगड तत्काळ उपलब्ध नसली, तरी ती किशोरवयातही वेगाने घातली जाऊ शकते, याला प्रायोगिक आधार मिळाला आहे. उशिरा उपचार झालेल्या मुलांच्या दृष्टीची तीक्ष्णता सहसा सामान्य पातळीला पोहोचत नाही, त्यामुळे लवकर निदानाचे महत्त्व कमी होत नाही. तरीही चेहरे, वस्तू व हालचाली ओळखण्यात ही मुले प्रगती करतात. त्यामुळे केवळ वय उलटून गेले म्हणून मुलाला शस्त्रक्रिया नाकारू नये, या भूमिकेला बळ मिळाले आहे.

हेही पहा

• जॉन लॉक
• अनुभववाद
• मोतीबिंदू
• मेंदूची लवचिकता
• दृष्टिभ्रम